पान एकशेबाराचं शुद्धिपत्र

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीसमोर सरूबाईचं घर आहे. खंडेनवमीला त्या गल्लीत ज्याने त्याने आपापलं हत्यार पुजायचं, अशी रीत. कोणी पाना-पक्कड पुजतं, कोणी रिक्षा, आणि अलीकडे एकाने लॅपटॉपलाही झेंडू वाहिला. सरूबाई पस्तीस वर्षं शिवणयंत्र पुजत आली. गेल्या खंडेनवमीला मात्र तिच्या नवऱ्याने, सांडूने, यंत्राशेजारी पाट मांडला, त्यावर एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवलं आणि पान एकशेबारावर हळदीकुंकू वाहिलं.

"कर नमस्कार," तो म्हणाला. "तुझंच हाय."

सरूबाईने पदर सावरला, वाकली आणि नमस्कार केला. वाकल्यावर डोळ्यांसमोर अक्षरं आलीच. ती तिला पाठ होती. सांडूने गेले दोन महिने ती दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या सगळ्या निवृत्त मंडळींना वाचून दाखवली होती.

"यमुनाबाई (वय ६१) या मतदानाच्या बाबतीत पतीच्या सल्ल्यानुसार निर्णय घेतात. कुटुंबाची एकजूट हीच त्यांची राजकीय ओळख आहे. प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी दाखवलेला चिवटपणा या एकजुटीतूनच आलेला दिसतो."

यमुनाबाई म्हणजे सरूबाई. आणि पहिलं वाक्य धादांत खोटं होतं. सांगितलं होतं तिनेच. आता त्याच खोट्यावर हळदीकुंकू पडलं होतं आणि तिने त्यापुढे डोकं टेकवलं होतं. उठताना कंबरेत कळ आली, ती देवानेच आणली असणार, असं तिला वाटलं.

पुस्तकाची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी समर्थनगरच्या प्राध्यापक अश्लेषा मॅडम मुकुंदवाडीत आल्या होत्या. त्या राज्यशास्त्र शिकवतात. बायका स्वतःला काय समजतात, मत कसं देतात आणि अडचणीत टिकतात कशा, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. चौदा पानांची प्रश्नावली घेऊन त्या घरोघर हिंडल्या. पाय दुखेपर्यंत हिंडल्या, हे सरूबाईनेही मान्य केलं असतं. चौसष्ट बायकांशी बोलून त्यांनी "ओळख, मत आणि चिवटपणा" असं तीन पायांचं नाव असलेलं पुस्तक काढलं. बायकांची नावं त्यांनी गुप्ततेसाठी बदलली. पण गिरणीसमोरचं घर, ब्लाउज शिवायचा धंदा, नवऱ्याची तंबाखू आणि हनुवटीवरची चामखीळ हे सगळं जसंच्या तसं ठेवलं. यमुनाबाई कोण हे ओळखायला गल्लीला दहा मिनिटं लागली, तीही त्या वेळी गिरणी चालू होती आणि ऐकू येत नव्हतं म्हणून.

मॅडम घरी आल्या तेव्हा सांडू दिवाणावर बसला होता. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दिवाण ही त्याची नोकरी आहे. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं त्यानेच दिली. नाव, वय, गाव अजिंठ्याजवळचं, शिक्षण काही नाही. सातवा प्रश्न आला: मत देताना सल्ला कोणाचा घेता? पती, मुलगा, शेजारी, की कोणाचाच नाही?

"ल्ह्या, पती," सांडू म्हणाला.

मॅडमनी सरूबाईकडे पाहिलं. सरूबाईने दिवाणाकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली आणि चहाचं बघायला आत गेली.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती.

ती दोघं गावाहून शहरात आली तेव्हा सरूबाईला अक्षरओळख नव्हती. महानगरपालिकेची पहिली निवडणूक अठ्ठ्याऐंशी सालची. मतदानाच्या सकाळी सांडूने तिचा डावा हात पुढे ओढला आणि बॉलपेनाने तळहातावर बादली काढली. चांगली कडीबिडीसकट काढली. "हे चित्र दिसंल तिथं शिक्का हाण," म्हणाला. ती दीड तास उन्हात रांगेत उभी राहिली. हाताला घाम सुटला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि मूठ उघडली, तर बादलीची रांगोळी झालेली. समोर कागद, हातात शिक्का, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या खांद्यावरून वाकून बघणारं कोणी नव्हतं. सासू नाही, नवरा नाही, मोठी जाऊ नाही.

तिने कागद नीट पाहिला. खालून तिसरं चित्र शिवणयंत्राचं होतं. तिला दोन वर्षांपासून शिवणयंत्र हवं होतं. तिने त्याच्यावर शिक्का मारला.

तो उमेदवार कोण होता, हे तिला आजतागायत ठाऊक नाही. त्याची अनामत जप्त झाली, एवढं मागाहून कळलं. राज्यशास्त्राच्या दृष्टीने हे मत काही फार विचारी म्हणता येणार नाही. पण ते तिचं होतं.

पुढे मुलगा सुदर्शन पहिलीत गेला, तेव्हा त्याच्या पुस्तकावरून तीही वाचायला शिकली. बोट ठेवून वाचते, पण वाचते. तरी हातावर चित्र काढायची सांडूची रीत काही सुटली नाही. त्याचे साहेब बदलले तशी चित्रं बदलली. सरूबाई दर वेळी मुकाट्याने हात पुढे करायची, मतदान जिथे असायचं त्या शाळेच्या मागच्या नळावर जायची, हात खसाखसा धुवायची आणि मग रांगेत उभी राहायची. पुढे-पुढे ती खरोखर विचारही करू लागली. पाणी कोणी आणलं, ड्रेनेज कोणी फोडून ठेवलं, कोण फक्त लग्नाला येतो आणि कोण मयतीलाही येतो. महानगरपालिका, विधानसभा, लोकसभा धरून अशी चोवीस मतं झाली. एकदा त्याच नळावर तिची सून सोनिया तळहात चोळत उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "मेंदी राहती कधीकधी," सोनिया म्हणाली. "राहती," सरूबाई म्हणाली. त्या विषयावर दोघींचं तेवढंच बोलणं झालं.

तर हे सगळं पुस्तकात नव्हतं. पुस्तकात पती होता.

खरं तर तिला चिवटपणाचाही रागच आला होता. नात श्रेया कॉलेजात आहे. तिने समजावून सांगितलं, "आजी, म्हणजे तू लवकर मोडत नाहीस."

"चिवट शिळी भाकर असती," सरूबाई म्हणाली. "तुझ्या आजोबाची कंपनी बंद पडली, तवा दुसरी नोकरी लागंपर्यंत चौदा महिने मी ब्लाउज शिवले. रोज सहा. ते एकजुटीतून नाय आले. ते माझ्या मानेतून आले. मान अजून दुखती."

पण तो राग परवडणारा होता. खंडेनवमीच्या नमस्काराने मात्र तिला हलवलं. आणखी दहा वर्षांनी ती जाईल, सांडूही जाईल, आणि श्रेयाची पोरं कधी ते पुस्तक उघडतील. त्यात लिहिलेलं असेल की पणजीला स्वतःचं मत नव्हतं. छापील असेल, म्हणजे खरंच असेल.

छापील ते दुरुस्त करायचं तर मॅडमना खरं सांगायला हवं. ते छापलं की सांडू वाचणार. आणि सांडू रुसला की काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन हजार नऊ साली तिने त्याची गंजकी सायकल त्याला न विचारता भंगारात दिली होती. तो चार महिने आणि अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. "तुझ्या सासूला सांग, भाजीत मीठ नाय," असे निरोप सुनेकडून यायचे. भाजीत मीठ नसतं तरी चालतं, पण दिवसभर समोर बसून न बोलणारं माणूस घरात असलं की घराची धर्मशाळा होते. सायकलीला चार महिने, तर चोवीस मतांना किती, हा हिशोब तिने मांडायला घेतला आणि सोडून दिला.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी "अस्तर अन् हुक संपलेत, गुलमंडीला जाऊन येते" असं सांगून ती सिटी बसमध्ये बसली आणि क्रांती चौकात उतरून समर्थनगरला चालत गेली.

अश्लेषा मॅडमनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चष्मा डोक्यावर होता आणि त्या चष्मा शोधत होत्या.

"अगबाई, यमुना... सरूबाई! या ना. बसा."

"मॅडम, मी खोटं सांगितलं व्हतं," सरूबाई उभ्याउभ्याच म्हणाली. बसलं की धीर सुटतो, असा तिचा अनुभव.

"काय खोटं?"

"सातवा सवाल. मी कधीबी नवऱ्याच्या सांगण्यावरून मत दिलं नाय."

मॅडमना चष्मा सापडला. "पण मावशी, तुम्ही हो म्हणालात. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"म्हणले की. ते दिवाणावर बसले व्हते. तुमी तुमच्या मिस्टरांसमोर समदं खरं बोलता का?"

आतल्या खोलीत कुणीतरी क्रिकेट बघत होतं. मॅडमनी तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मग प्रत्यक्षात मत कोणाला देत होतात?"

"ते कशाला सांगू?"

"अहो, अभ्यासासाठी."

"अभ्यास तुमचा हाय. मत माझं हाय."

मॅडम खुर्चीत टेकल्या. मग त्यांच्या मनात दुसरीच शंका आली असावी. त्यांनी कपाटातून फाइल काढली, चाळली आणि एका पानावर बोट टेकवलं.

"चौसष्टपैकी अठ्ठावन्न बायकांनी 'पती' असं उत्तर दिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्याही घरी...?"

"दिवाण सगळ्यांकडं हाय, मॅडम. लग्नात मिळतो."

"उरलेल्या सहा जणी म्हणाल्या, 'कोणाचाच सल्ला घेत नाही'. त्या सहाही विधवा आहेत. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. वैधव्यानंतर स्त्रीची विचारशक्ती कशी स्वतंत्र होते म्हणून."

"विचारशक्ती पयल्यापासूनच व्हती," सरूबाई म्हणाली. "त्यांच्या दिवाणावर आता कोणी बसत नाय, एवढंच."

मॅडम हसतील की रडतील, हे काही क्षण ठरेना. शेवटी त्या हसल्या आणि चहा टाकायला गेल्या. चांगली बाई होती. चूक कळल्यावर चहा टाकणारी विद्वान माणसं थोडी.

चहा पिताना त्यांनी उपाय सांगितला. तीनशे प्रतींपैकी एकशेऐंशी त्यांच्या पलंगाखालीच होत्या. त्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवता येईल. पुढे पुन्हा छापलं तर आतला मजकूरच बदलू. "पण मावशी, गल्लीत सगळे तुम्हाला ओळखतात. घरी त्रास झाला तर?"

"चामखीळ छापताना इचारलं व्हतं का?"

मॅडम ओशाळल्या. त्यांनी संगणकावर चार ओळी टाइप केल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या, सरूबाईने त्यातला एक शब्द बदलायला लावला, आणि छपाईयंत्रातून तळहाताएवढी चिठ्ठी बाहेर आली:

"शुद्धिपत्र. पान ११२, ओळ ७: 'पतीच्या सल्ल्यानुसार' याऐवजी 'स्वतःच्या मनाने' असे वाचावे."

मॅडमनी आधी "स्वेच्छेने" लिहिलं होतं. ते कुणी वाचलं तरी कळणार नाही, असं सरूबाईचं म्हणणं पडलं.

ती चिठ्ठी हुकांच्या पाकिटात घालून तिने घरी आणली आणि बॉबिनच्या डब्यात ठेवली. तिथे ती दोन महिने पडून राहिली. रोज बॉबिन काढताना दिसायची. रोज सांडू तोंडात तंबाखू धरून पुस्तक काखेत मारून हॉटेलाकडे निघायचा. त्याच्या चालीत तेव्हा एक ऐट यायची. कंपनी बंद पडल्यापासून ती ऐट कुठे गेली होती ती परत आली होती, आणि ती आणली होती पान एकशेबाराने. आज लावू, उद्या लावू म्हणता म्हणता सरूबाईने नोव्हेंबर घालवला. डिसेंबरात तिला वाटलं, जाऊ दे. लोक वाचतात कुठे एवढं.

तेवढ्यात महानगरपालिकेची निवडणूक लागली. दहा वर्षांनी लागली, म्हणून सगळ्यांच्याच अंगात आली होती. प्रभाग चौघांचा. म्हणजे एकेका मतदाराने एका दमात चार बटणं दाबायची. सुदर्शन एका साहेबाच्या मागे हिंडतो. साहेबांना कोणत्याच पक्षाने तिकीट दिलं नाही, तेव्हा त्यांनी चार अपक्षांचं पॅनल उभं केलं, आणि चौघांना चार वेगळी चिन्हं मिळाली. सुदर्शन घरच्या मतांचा शब्द देऊन आला.

"माय, आपल्या घरची पाच मतं. पाच चोक वीस. साहेबांना सांगितलं, एकबी इकडचं तिकडं व्हणार नाय."

"लाव पाढा," सरूबाई म्हणाली.

"पुस्तकात छापलंय की त्यांच्यावर!" सांडू म्हणाला. "साहेबांना दाखव, पान एकशेबारा."

"दाखवलं. खूश झाले. म्हणले, भाषणात घेतो."

सरूबाईची सुई त्या दिवशी दोनदा तुटली.

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला. संक्रांतीच्या दुपारी ती तिळाच्या वड्या करत होती. बाहेर दिवाणावर सांडू वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्रांचा सराव करत होता. बादली, पंखा, इस्त्री जमत होती. चौथं चिन्ह होतं कपाट. ते त्याला खोक्यासारखं जमायचं.

"सरू, हात आण," त्याने हाक मारली. "उद्या गडबड व्हती. आजच काढून ठेवतो. तीन तळहातावर बसतील. चौथं मनगटावर घेऊ."

सरूबाई दारात आली. दोन्ही हात गुळाच्या पाकाने चिकट झाले होते. तिने सांडूकडे पाहिलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, नाकावर चष्मा, जिभेचं टोक बाहेर काढून कपाट काढतोय. आपण त्रेसष्ट वर्षांच्या आहोत, वाचता येतं, लिहिता येतं, आज आपल्या मनगटावर कपाट येणार, आणि उद्या ते नळावर धुवायचं. पंचविसाव्या मताला. तिला एकदम त्या नळाचाच कंटाळा आला.

ती आत गेली. डब्यातून चिठ्ठी काढली. गोंद शोधायला वेळ नव्हता आणि धीर तर अजिबात नव्हता. तिने बोटाचा पाक चिठ्ठीमागे फासला, पान एकशेबारावर ती दाबून बसवली आणि पुस्तक सांडूच्या मांडीवर ठेवलं.

"आधी हे वाचा."

सांडूला त्या पानाचं आमंत्रण लागत नव्हतंच. त्याने हॉटेलातला आवाज लावला. "यमुनाबाई, वय एकसष्ट, या मतदानाच्या बाबतीत... हे काय डकवलंय? शुद्धिपत्र. पान एकशेबारा, ओळ सात. पतीच्या सल्ल्यानुसार याऐवजी..." आवाज खाली आला. "स्वतःच्या मनाने असे वाचावे."

त्याने चिठ्ठी नखाने उचकटून पाहिली. गुळाने ती धरून ठेवली होती.

"छापखान्याची चूक हाय," तो म्हणाला.

"नाय. आधी छापलेलं ते चूक, ही दुरुस्ती."

"म्हंजी तू... कवापासून?"

"अठ्ठ्याऐंशीपासून."

"ते बादलीचं?"

"बादली घामानं गेली. मंग मीच दिलं मनानं. पुढं दर टायमाला धुतलं."

सांडू तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. त्याने इतकी वर्षं तिथे जे काही काढलं होतं ते सगळं शाळेच्या मागच्या गटारीला मिळालं होतं.

"कोणाला दिलं मंग?"

"ते गुप्त असतं."

त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळी तिने वडी पुढे केली. त्याने घेतली नाही. थोड्या वेळाने सोनियाला म्हणाला, "तुझ्या सासूला सांग, मला गोड चालत नाय." मधुमेह त्याला नव्हता. म्हणजे निरोप सुरू झाले होते. पुस्तकाला मुंग्या लागल्या होत्या, त्या तेवढ्या आपल्या कामात होत्या.

सरूबाईने मनात गणित केलं. आज पहिला दिवस. चिठ्ठी लावल्याचा पश्चात्ताप होतोय का, हे तिने तपासून पाहिलं. होत नव्हता. पण घर आत्ताच धर्मशाळेसारखं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शाळेत निघाले. सांडू दहा पावलं पुढे. सरूबाईचा हात कोरा होता आणि तिला तो थोडा हलका वाटत होता. नळ ओलांडून ती थेट रांगेत गेली. मागून सोनिया आली. तिचाही हात कोराच होता. तिने सासूला तो न बोलता दाखवला आणि पदरात घेतला.

पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, पण खोली एकच. योगायोगाने सांडू आत गेला तेव्हा सरूबाई दारातल्या टेबलापाशी बोटाला शाई लावून घेत होती. आडोशामागून सांडूची कोपरं दिसत होती. एक बटण, दुसरं, तिसरं. मग तो ऐटीत बाहेर निघाला.

"काका, थांबा!" टेबलामागच्या अधिकाऱ्याने हाक मारली. "मशीन वाजलं नाही अजून. तीनच दाबलीत. एक मत राहिलंय."

"समदी दाबली."

"पांढरं, गुलाबी, पिवळं झालं. निळ्या कागदावरचं राहिलं. ते दिल्याशिवाय लांब शिट्टी वाजत नाही आणि पुढच्या माणसाला सोडता येत नाही. जा, दाबून या."

सांडू परत आडोशामागे गेला. वेळ गेला. बाहेरची रांग दारातून डोकवायला लागली. गल्ली सगळी तिथेच होती: गिरणीवाला, दूधवाला, हॉटेलातले निवृत्त. इतकी वर्षं चिन्हं बायकोच्या हातावर ठेवायची सवय. स्वतःच्या डोक्यात काही ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तीन आठवली, हेच पुष्कळ. चौथं बसणार होतं मनगटावर, आणि मनगट कोरं होतं.

आडोशाच्या वरून सांडूचं डोकं दिसू लागलं.

"ए सरू," तो म्हणाला, "चौथं काय व्हतं गं?"

मग बायकांच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू दारातून बाहेर पार नळापर्यंत गेलं.

"काका, असं विचारायचं नसतं!" अधिकारी ओरडला.

सरूबाई शाईचं बोट वर धरून उभी होती. कपाट, एवढा एक शब्द. तो तिच्या जिभेवर होता. सांडूचा चेहरा पडला होता, कान लाल झाले होते, आणि एक दिवसाच्या अबोल्यानंतर तिच्याशी तो पहिला शब्द बोलला होता. तोही सगळ्या गल्लीदेखत.

"मत गुप्त असतं," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "अवं, कागद समोर हाय. निवांत बघा. कोणाचं ऐकू नका. मागं कोणी नाय तुमच्या."

सांडूचं डोकं खाली गेलं. बराच वेळ कोपरंही हलली नाहीत. त्याला घाम आला असणार. तिला तो घाम ठाऊक होता. मग मशीनची लांब शिट्टी वाजली आणि अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला.

सरूबाईने आपली चार मतं दिली. शिट्टी एका दमात वाजली.

ती बाहेर आली तेव्हा सांडू फाटकापाशी थांबला होता. दोघं बरोबर चालू लागली. दहा पावलं पुढे कोणीच नव्हतं. शंभर मीटरच्या रेषेपलीकडे टेबल टाकून सुदर्शन बसला होता. तो धावत आला.

"बाबा, आत लई टाइम लागला. चारी आपलीच ना?"

सांडूने सरूबाईकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"गुप्त असतं," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

"आता हे काय नवीन? माय, तुझी तरी?"

"बस टेबलावर. ऊन लागंल," सरूबाई म्हणाली.

दोघं गिरणीपर्यंत आली. गिरणी बंद होती, त्यामुळे गल्लीत आवाज नव्हता. घराच्या पायरीशी सांडू थांबला, चपला काढता काढता म्हणाला,

"निळ्या कागदावर खाली एक शिवणयंत्र व्हतं गं."

सरूबाईने ही गोष्ट त्याला काय, कोणालाच कधी सांगितली नव्हती. इतकी वर्षं जीभ आवरलेली बाई. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"त्याला दिलं का?"

सांडूने चपला नीट जोडून ठेवल्या, आत गेला, दिवाणावर बसला आणि ताटलीतली तिळाची वडी उचलली.

"ते कशाला सांगू," तो म्हणाला.